गिटार : हाताची तयारी आणि ऐकणाऱ्याचे समाधान

गेल्या वैशाखात आटगावहून तानसाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावी मी हळदीला गेलो होतो. नवऱ्या मुलाचे वडील आमच्या संघटनेचे जुने सभासद. त्यामुळे जाणे भागच होते. मांडवात बेंजो पार्टी होती. बेंजो, ढोलकी, ताशा हे नेहमीचेच. पण या खेपेस त्यात इलेक्ट्रिक गिटार घेतलेला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा उभा होता. दिवसा आसनगावकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा, आणि गिटार हप्त्याने घेतलेली. पार्टीच्या मालकाने त्याला एकट्याने वाजवायला पाच मिनिटे दिली.

त्या पाच मिनिटांत त्याने जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले नसते तर खरे मानले नसते. बोटे पडद्यांवरून अशी धावत होती की कोणते बोट कोठे आहे ते दिसेना. तरुण पोरांनी मोबाइल वर केले, शिट्या मारल्या. दुसऱ्या मिनिटाला बायका पुन्हा आपसांत बोलू लागल्या. तिसऱ्याला वडीलधारी मंडळी उठून पंगतीकडे वळली. मग बेंजोवाल्याने, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने, एक जुनी कोळीगीताची चाल धरली, आणि उठलेल्यांपैकी निम्मे लोक परत येऊन बसले. रात्री सामान टेम्पोत चढवताना तो मुलगा मला म्हणाला, "काका, दोन वर्सं रोज चार-चार तास बसलो. आन् लोक जेवाया उठली. माजं चुकलं काय?"

मला उत्तर देता आले नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला, कारण प्रश्न त्या एका मुलाचा नाही. मी संगीत शिकलेला माणूस नव्हे. जे ऐकले ते सप्ताहांत, सभांच्या मांडवांत आणि रेडिओवर. जे वाचले ते वाचनालयात बसून. तेव्हा शास्त्रकारांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

प्रथम तारेचाच विचार करू. तार छेडली की तिला मिळायची ती सारी शक्ती त्या एका क्षणात मिळते. त्यानंतर आवाज फक्त उतरत जातो. सारंगीला गज आहे. गज फिरत आहे तोवर स्वर जिवंत. बासरीला फुंक आहे. आपल्या वारली पाड्यांवरचा तारपा घ्या: वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. रात्र रात्र नाच चालतो. छेडण्याच्या वाद्याला ही सोय नाही. छेडलेला स्वर मागे जो रेंगाळतो त्याला आपल्याकडे 'आस' म्हणतात. साध्या लाकडी गिटारीची आस काही सेकंदांत ओसरते, आणि वरच्या स्वरांत तर त्याहून लवकर.

म्हणजे गिटार वाजवणाऱ्यापुढे स्वर विझण्याचा प्रश्न सतत उभा असतो. स्वर विझतो आहे तर त्याच्या जागी दुसरा घाला, तिसरा घाला, ही एक वाट. बेंजोवाला हेच करतो, आणि त्याला दुसरा उपायही नाही. हे वाद्य मूळचे जपानी: नागोया येथील गोरो मोरिता याने १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य काढले, तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले, विजेवर चढले आणि ठाणे-रायगडच्या मिरवणुकांत बेंजो म्हणून नांदू लागले. त्याची आस इतकी आखूड की नखी सतत चालती ठेवल्याखेरीज चाल उभीच राहत नाही. येथे वेग ही गरज आहे. हौस म्हणून केलेला तो देखावा नव्हे, आणि बेंजोवाल्याची एक चालही त्या वेगाखाली बुडत नाही, कारण एकाच स्वरावर तो दहा वेळा नखी मारतो. दहा वेगळे स्वर मारत नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

गिटारीची दुसरी अडचण पडद्यांची. पडद्यांमुळे स्वर ठरावीक जागी बसवलेले असतात, एका सप्तकात बारा. तार ओढून थोडे इकडे तिकडे सरकता येते, पण आपल्या गाण्याचा अर्धा जीव एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात, मींडेत आहे. ओवी म्हणणारी बाई असो की नाट्यगीत म्हणणारा नट, दोन स्वरांच्या मधल्या जागेतच तो आपले म्हणणे सांगतो. पडद्याच्या गिटारीवर ती जागा फार थोडी. जागा नाही म्हणून मग वादक पायऱ्या मोजू लागतो. किती पायऱ्या, किती वेगाने.

आता कानाचा विचार. ठोक्यांचा वेग सेकंदाला वीसच्या आसपास गेला की कानाला ते सुटे ऐकूच येत नाहीत. त्यांची गुरगुर होते. त्याच्या बरेच आधी, सेकंदाला दहाबारा स्वरांच्या घरात, स्वर सुटे ऐकू येतात परंतु चाल ओळखणे अवघड होऊ लागते. कारण चाल ऐकणे म्हणजे नुसते स्वर पकडणे नव्हे. आलेला स्वर मागच्याशी जोडायचा, पुढचा काय येईल याची वाट पाहायची, आणि तो आला की नाही हे तपासायचे, अशी तीन कामे मन एकदम करीत असते. वाट पाहायला वेळच दिला नाही तर ऐकणारा बेकार होतो. तो टाळी वाजवतो, पण ती टाळी दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीला वाजवतो तशी असते. पडली नाही, याबद्दलची.

भिवंडीत यंत्रमागावर नगावर किंवा मीटरवर मजुरी मिळते. किती कापड निघाले ते मोजता येते, म्हणून ते मोजतात. कापड कसे निघाले हे मोजायला बाजारात जावे लागते. हाताच्या तयारीचेही असेच झाले आहे. वेग मोजता येतो. मोबाइलवर जगभरची पोरे सेकंदाला किती स्वर वाजवतात याचे आकडे लावून दाखवतात, आणि आपला आसनगावचा मुलगा ते पाहून रात्री दोनपर्यंत बोटे झिजवतो. त्याचा उस्ताद कोण, तर तो आकडा. समोर बसून "पुरे, आता थांब" असे म्हणणारा कोणी नाही.

येथे मला तुणतुण्याची आठवण होते. पोकळ लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी आणि तिच्या खुंटीला बांधलेली एकच तार. एकच स्वर. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गिरणगावात हजारो कामगारांना जागेवर बसवून ठेवणारे साहित्य एवढेच: डफ, ढोलकी, तुणतुणे आणि माणसाचा गळा. तुणतुणेवाल्याला कोणी टाळी देत नाही. परंतु त्याने एक कडवेभर हात थांबवून पाहावा; शाहिराच्या पायाखालची जमीनच जाते. ऐकण्याजोगेपणा म्हणजे काय याचा पहिला धडा मला त्या एका तारेने दिला: ऐकणाऱ्याला उभे राहायला जागा लागते.

मात्र यावरून कोणी असे समजू नये की कमी येणे हाच गुण. तसे असते तर प्रत्येक नवशिका थोर ठरला असता. हा गैरसमज दूर करायला मी गिटारीचेच एक उदाहरण देतो, आणि ते आपल्या मुंबईत घडलेले आहे.

हवाई बेटांतल्या लोकांनी गिटारीची पडद्याची अडचण एका साध्या युक्तीने सोडवली होती. गिटार आडवी ठेवायची, तारा उंच करायच्या आणि पडद्यांवर बोट दाबण्याऐवजी तारेवरून पोलादी कांब सरकवायची. हे वादन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर पसरले. टाऊ मो हे हवाई वादक १९४० नंतरच्या दशकात कलकत्त्यास राहत होते. आपल्याकडे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या चाली या गिटारीवर वाजवून त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर नेल्या. पण त्या गिटारीवर राग मांडायचा ध्यास घेतला तो ब्रिजभूषण काब्रा यांनी. जोधपूरचे राहणारे, जन्म १९३७, उस्ताद अली अकबर खाँचे शागीर्द. कांब सरकवल्याने मींड मिळाली, घसरत्या स्वराला आस मिळाली. परंतु किंमत केवढी! कांब किंचित जड पडली तर तारेची खरखर ऐकू येते, किंचित हलकी पडली तर स्वर फाटतो, आणि बोटाला जागा दाखवणारा पडदा आता कामाचा नसतो; जागा कानानेच शोधायची. म्हणजे काब्रांची तयारी कोणत्याही झपाटेबाजाहून कमी नव्हती. ती दिसत नव्हती इतकेच.

१९६७ साली मुंबईत 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने एक ध्वनिमुद्रिका काढली, 'कॉल ऑफ द व्हॅली'. तिच्यामागे होते जी. एन. जोशी, आपल्या मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, पुढे त्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहणारे. गिटारीवर काब्रा, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघे वादक तिशीच्या आसपासचे, आणि तिघांची वाद्ये त्या वेळी मैफलीच्या पंगतीत मागच्या ओळीतली. संतूर काश्मीरकडचे, त्यावर काठीने ठोकायचे, म्हणजे मींड जवळजवळ नाहीच. गिटार परकी. बासरी गुराख्याची. जोशींनी त्यांना एका धनगराच्या दिवसाची कथा दिली आणि पहाटेच्या अहीर भैरवापासून नट भैरव, पिलू, भूप, देस असे करीत पहाडीपर्यंत आणून सोडले.

ही मुद्रिका मी कित्येकदा ऐकली आहे. त्यात मला जे दिसते ते कामगारांच्या भाषेत सांगायचे तर कामाची वाटणी. संतूरच्या स्वराला लांबी नाही, म्हणून तो थेंब थेंब पडतो. गिटार त्या थेंबांच्या मधून रेघ ओढते. श्वासाचे काम बासरीकडे. कोणी दुसऱ्याच्या जागेवर धावत नाही. झाला येतो, द्रुत लय येते, परंतु ती येईपर्यंत ऐकणाऱ्याने त्या रागाच्या घरात चार पावले टाकलेली असतात. भावगीत गाणाऱ्या माणसाला हे सुचले याचे मला नवल वाटत नाही. त्याची उमेद ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर गेली होती, आणि तीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक वेळच नसे. तेवढ्यात माणूस जिंकायचा असेल तर एक जागा नेमकी घ्यावी लागते. शंभर जागा दाखवून चालत नाही.

आता बोटांविषयी थोडे, कारण बोटांचा हिशेब हा माझ्या धंद्यातला विषय आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. संबंध तर्जनी गेली तर मिळकतीच्या क्षमतेत १४ टक्के घट, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. अंगठा ३० टक्के. प्रेसवर काम करणाऱ्या मुलांच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहत हे आकडे मी अनेक वर्षे अर्जांत भरले आहेत. अशाच एका पोराने मला एकदा विचारले होते, "आता ढोलकी संपली ना?" परिशिष्टात त्याचा रकाना नव्हता.

इंग्लंडात बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा एक सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके घेतली. तो डावरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने गिटार सोडल्यातच जमा होती. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला एक ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली, जँगो राइनहार्ट याची. हा बेल्जियममध्ये जन्मलेला भटक्या जमातीतला वादक. १९२८ मध्ये गाडीघराला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपभर नाव कमावले. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर कातडे चिकटवले, तारा हलक्या घातल्या, पुढे त्या ढिल्याही सोडल्या. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संचाची पहिली मुद्रिका निघाली. त्या जड, संथ, घरघरत्या आवाजावर पाश्चात्य वाद्यवृंदांचा एक संबंध पंथ उभा राहिला. मला स्वतःला तो आवाज फारसा मानवत नाही, हे कबूल करतो. पण दोन बोटांची टोके गेलेल्या हाताने तो केला, आणि लोक तो पन्नासाहून अधिक वर्षे ऐकत आहेत. जँगो मात्र दोन बोटांवरही अफाट वेगाने वाजवी. तेव्हा वेग हाच शत्रू, असे सोपे सूत्र काढणाऱ्याला जँगो अडवतो. त्याच्या वेगात चाल हरवत नाही. धावणारा माणूस कोठे निघाला आहे हे आपल्याला कळत असते.

येथवर मी सारा दोष वाजवणाऱ्याच्या पदरी घातला. दुसरीही बाजू आहे. तरुणपणी मी शास्त्रीय गाण्याला 'पोट भरलेल्यांचे गाणे' म्हणत असे. लालबागला आमच्या कचेरीत एक वृद्ध गिरणी कामगार येत; रात्रपाळी करून आल्यावर रेडिओ लावून ऐकत बसत. मी एकदा कुचेष्टेने विचारले, "नाना, यात काय कळतं तुम्हाला?" ते म्हणाले, "कळायचं काय त्यात? तो कुठून निघाला ते ध्यानात ठेव आणि परत कधी येतो ते बघ." तेवढ्या एका सूचनेने मला सम ऐकू येऊ लागली, आणि जे केवळ आ-ऊ होते त्याला घर आले. म्हणजे ऐकण्याजोगेपणा हा गाण्यात जसा असतो तसा कानातही असतो, आणि कानाचीही तयारी होते. आपल्या आजे-पणज्यांनी बालगंधर्वांची गोडी श्रेष्ठ की मास्टर दीनानाथांची झेपावणारी तान श्रेष्ठ, यावर रात्री जागवल्या. त्या लोकांत गिरणीत आणि गोदीत राबणारेही होते. त्यांना कठीण गोष्ट झेपत नव्हती असे कोण म्हणेल? कठीण गोष्ट त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा येत होती, म्हणून झेपली.

तेव्हा 'लोकांना कळत नाही' असे म्हणून वाजवणाऱ्याने सुटू नये, तसे 'लोकांना हलकेच हवे असते' असे म्हणून मालकाने त्याला दाबूही नये. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. त्याच्या नळाच्या कडेने पाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उन्हाळ्यात चालताना आपण पाहतो. धरणात पाणी किती हा एक प्रश्न, आणि हंड्यात किती पडते हा दुसरा. त्या मुलाच्या हातात पाणी भरपूर होते. ते मांडवापर्यंत आले नाही. आणि मांडवातल्या लोकांनीही वाट खणलेली नव्हती, कारण गिटार एकट्याने काय सांगू शकते हे त्यांना कोणी कधी ऐकवलेच नव्हते.

पैशाचा भागही विसरता येत नाही. डीजेची भिंत आल्यापासून बेंजो पार्ट्यांचे काम कमी झाले. ज्या पार्ट्या उरल्या त्या आवाजाशी आवाजाने आणि चमत्काराशी चमत्काराने झुंजतात. सुपारी देणारा विचारतो, "तुमच्याकडे वेगळं काय?" वेगळे म्हणून दाखवायला मुलाच्या हाती पाच मिनिटांचा झपाटा असतो. त्याने तो दाखवला, यात त्याचा अपराध कोणता?

पावसाळ्यात तो एकदा माझ्याकडे आला. मी त्याला मोबाइलवरच ती १९६७ ची मुद्रिका लावून दिली. पहिल्या मिनिटात म्हणाला, "काका, हा सुरू कधी करनार?" मी म्हटले, "सुरू झालंय." मग तो गप्प बसला. पिलूचा तुकडा त्याने स्वतःहून पुन्हा लावला, कांब सरकते तिथे थांबवून थांबवून. शेवटी मोबाइल खिशात घालून म्हणाला, "भारी हाय. पन हळदीला ह्ये चालनार न्हाय." त्याचे म्हणणे खरे होते, आणि माझ्यापाशी त्यावरही उत्तर नव्हते.

माघात मुरबाडकडच्या एका लग्नात ही पार्टी पुन्हा होती. मी तेथे नव्हतो. बेंजोवाल्यांनी नंतर सांगितले ते असे. मुलाने पाच मिनिटे मागितली नाहीत. जुनी चाल बेंजोने धरली, आणि गिटार खालून एकेक लांब स्वर देत राहिली. दुसऱ्या कडव्यानंतर बेंजोवाल्यांनी नखी उचलली आणि मान हलवून त्याला जागा दिली. तेवढ्यात त्याने आपला सारा वेग एका फेऱ्यात ओतला आणि बरोबर चालीच्या पहिल्या शब्दावर येऊन उतरला. पंगत मांडली होती की नव्हती, हे मी विचारायचे विसरलो. सुपारी पूर्वी होती तेवढीच मिळाली.